वेडी बाभूळ कुणी प्रयोगशाळेत बनवली नाही

वेड्या बाभळीवरचा तो लांबलचक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत आपल्या गावरान बाभळीत परकी जनुकं घालून हे झाड तयार केलं, इंग्रजांनी विमानातून बिया टाकल्या, ते ऑक्सिजन सोडत नाही, त्याच्या सावलीत बांधलेली जनावरं वांझ होतात. तेव्हा दिसेल ती बाभूळ तोडा, असा एकूण आशय. मी दुर्लक्षच करत होतो. पण माझ्या थोरल्या भावाने तो वाचून बांधावरच्या जुन्या रामकाठीला, म्हणजे गावरान बाभळीच्याच एका प्रकाराला, कुऱ्हाड लावायचं ठरवलं. का, तर ‘आता सगळ्याच बाभळी संकरित झाल्यात’. आता गप्प बसवत नाही.

प्रयोगशाळेचं आधी घेतो, कारण खरं नुकसान तिथेच होतंय. मद्रास इलाख्यातले वनाधिकारी बेडम यांनी कोरड्या मुलखात सरपणासाठी हे झाड मागवलं. १८७७ च्या सुमारास जमैकाचं बी आलं आणि कडप्पा जिल्ह्यात कमलापुरमला लावलं गेलं. डीएनएची रचना उलगडली १९५३ साली. जनुकीय बदल केलेली पहिली वनस्पती तयार झाली १९८३ साली. म्हणजे झाड इथे रुजून शंभर वर्षं झाल्यावर ते तंत्र जन्माला आलं. एवढा हिशेबही न करता लोक मेसेज पुढे ढकलतात, याचा संताप येतो.

आणि गावरान बाभळीशी संकर? दोघींची कुळं शेंगवर्गीय, काटे दोघींना, साम्य तिथेच संपतं. गावरान बाभळीच्या गटात गुणसूत्रांचा मूळ संच १३ चा, वेड्या बाभळीच्या गटात १४ चा. वेडी बाभूळ मूळची मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतची. आपली शमी तिची सख्खी बहीण मानली जायची, कारण दोघी प्रोसोपिस या एकाच प्रजातीत होत्या. २०२२ मध्ये डीएनएच्या आधारे ती प्रजातीच फोडली गेली: शमी प्रोसोपिसमध्ये राहिली, वेडी बाभूळ नेल्टुमात गेली. शमीशीही नातं इतकं लांबचं, तर रामकाठीशी कुठून जुळणार?

या झाडाच्या वंशात वेगळं काही आहे, हे मात्र खरं. लिनियन सोसायटीच्या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात २००८ साली या गटातल्या गुणसूत्रांचा आढावा आला. गटातल्या बाकीच्या जातींत गुणसूत्रं २८ (१४ चे दोन संच), वेड्या बाभळीत दुप्पट, ५६. हे दुपटीकरण निसर्गात, तिच्या मायदेशी झालेलं आहे; वनस्पतींमध्ये ते नवलाचं नाही. तिच्या भावकीतली पॅलिडा नावाची जात दिसायला इतकी सारखी की जाणकारही फसतात. तिथे गुणसूत्रं मोजली की फरक पक्का कळतो. हा शोध कुणाच्या कटाचा पुरावा म्हणून घेतलेला नाही. जात आणि मायदेश नक्की कळला, तरच तिचा फैलाव आवरायला तिथली तिची बी खाणारी कीड शोधता येते. दक्षिण आफ्रिकेने १९८७ पासून असे भुंगेरे आणून सोडले. तिथे मुख्यतः दुसऱ्याच जातींचं आणि त्यांच्या संकरांचं रान आहे, त्यामुळे त्यांचा उपाय उचलून इथे लावता येत नाही.

विमानाचा मुद्दा अर्धा मान्य करावा लागतो. चंबळच्या खोऱ्यातल्या घळींवर हे बी विमानातून टाकलं गेलं होतं, पण १९८० च्या दशकात आणि आपल्याच सरकारी यंत्रणेने. कच्छच्या बन्नी गवताळ भागात १९६१ पासून लागवड केली तीही आपल्याच वनखात्याने, कच्छच्या रणातलं खारेपण पसरू नये म्हणून. तिथलं गवत त्यामुळे गेलं, ही चूक कबूल करायची तर इंग्रजांच्या माथी मारून कशी चालेल? एकदा झाड रुजलं की पुढचं काम गुरं-शेळ्यांनी केलं: शेंगा खाल्ल्या, बी शेणा-लेंड्यांतून जागोजागी पडलं.

ऑक्सिजनचा मुद्दा शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात मोडीत निघतो. हिरवं पान उन्हात ऑक्सिजन सोडतंच. ती मुळांनी खोलवरचं पाणी ओढते, ही तक्रार खरी. हवेतून ओलावा शोषून माळ कोरडा करते, हे खोटं. सावलीत बांधून जनावर वांझ होत नाही. शेंगाच शेंगा खाऊ घातल्या तर गुरांचा जबडा लुळा पडतो, रवंथ बिघडतो, तेवढं सांभाळा.

तोडायची तर ओळखून तोडा. गावरान बाभळीचं फूल गोल, पिवळं. शेंग मण्यांच्या माळेसारखी, दोन बियांमध्ये आवळलेली. वेडीचा फुलोरा लांबट, शेंग पिवळसर आणि सलग. वेडी नुसती वरून छाटली तर बुंध्यातून दहा फुटवे येतात, म्हणून शेंगा पिकण्याआधी बुंधा जमिनीखालून खणून काढा आणि पुढे उगवणारी रोपं लहान असतानाच उपटा.