फिलोडेंड्रॉनला रोज पाणी घालू नका

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिलोडेंड्रॉन या घरात ठेवायच्या शोभेच्या झाडाबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. थोडक्यात तो असा: फिलोडेंड्रॉन बेडरूममध्ये ठेवा, ते रात्रभर ऑक्सिजन देतं आणि हवा शुद्ध करतं असं नासाने सांगितलं आहे. अंधाऱ्या कोपऱ्यातही वाढतं. रोज कपभर पाणी घाला, पानं पिवळी पडली तर पाणी वाढवा. तळाशी खडीचा थर द्या, वरून चहाचा चोथा घाला, पानं दुधाने पुसा. लोक हे मनापासून पाळतात आणि चांगलं झाड सडतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘रोज कपभर पाणी घाला.’ सगळ्यात जास्त झाडं याच ओळीने जातात. फिलोडेंड्रॉन मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांतलं. आपण घरात ठेवतो त्यातल्या बऱ्याच जाती तिथे मोठ्या झाडांच्या खोडांवर चढतात. त्यांची मुळं सालीच्या भेगांत, कुजलेल्या पानांच्या सैल थरात असतात. पाऊस पडतो, पाणी वाहून जातं आणि मुळांना लगेच हवा मिळते. कुंडीतली माती कायम ओली राहिली की तिच्यातल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात आणि सड लागते. तेव्हा वार ठरवून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा. तिथे कोरडं लागलं तरच पाणी घाला, पण घालाल तेव्हा खालच्या भोकांतून वाहेपर्यंत घाला आणि बशीत साचलेलं ओतून टाका. एप्रिलमध्ये नागपूरला जी कुंडी दोन-तीन दिवसांत सुकेल, तीच जुलैत रत्नागिरीला आठवडा उलटला तरी ओली असू शकते. दोन्हीकडे रोज एक कप हा हिशेब कसा लागू पडेल?

‘पानं पिवळी म्हणजे पाणी कमी.’ बहुतेक वेळा नेमकं उलट असतं. सगळ्यात खालचं एखादं जुनं पान पिवळं होऊन गळणं नेहमीचंच, त्याची काळजी नको. पण एकदम तीन-चार पानं पिवळी पडली, माती ओली आहे आणि देठ बुडाशी मऊ लागतोय, तर झाड कुंडीतून काढून मुळं बघाच. चांगलं मूळ फिकट आणि टणक असतं. सडलेलं मूळ तपकिरी-काळं दिसतं, कुजकट वास येतो आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटून हातात येते, आत नुसता दोऱ्यासारखा तंतू उरतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापा आणि उरलेल्या मुळांना बसेल एवढ्याच लहान कुंडीत, नव्या भुसभुशीत मिश्रणात झाड लावा. मुळं उरलीच नसतील तर वेलाचा पेर (म्हणजे पान जिथून फुटतं ती गाठ) असलेला निरोगी तुकडा पाण्यात ठेवा. पेर हवाच, नुसत्या पानापासून नवा वेल होत नाही. पाणी खरोखर कमी पडलं असेल तर कुंडी उचलताना हलकी लागते, पानं लोंबतात आणि पाणी दिल्यावर पुन्हा उभी राहतात.

‘तळाशी खडी घातली की निचरा होतो.’ हा समज फार जुना आहे आणि अनेक जाणती माणसंही तो सांगतात. पण बारीक कणांच्या मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही. खडीच्या लगेच वरची माती ते धरून ठेवते. म्हणजे ओला थर तळाशी राहायचा तो उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. निचरा सगळ्या मिश्रणातच हवा: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (पांढरे हलके खडे), झाडाच्या सालीचे किंवा कोळशाचे तुकडे, थोडं गांडूळखत. चिकट लाल माती जेवढी कमी तेवढं बरं. आणि भोक नसलेली शोभेची कुंडी फक्त बाहेरून लावायला वापरा.

‘अंधाऱ्या कोपऱ्यातही वाढतं.’ तग धरतं, वाढत नाही. दोन पानांमधलं अंतर लांबत जातं, नवी पानं लहान निघतात. शिवाय उजेड कमी असला की झाड पाणीही कमी ओढतं, त्यामुळे अंधारा कोपरा आणि रोजचं पाणी ही जोडी सगळ्यात घातक. खिडकीजवळचा भरपूर उजेड द्या, दुपारचं थेट ऊन तेवढं टाळा.

‘नासाने सांगितलं आहे.’ नासासाठी संशोधक बी. सी. वॉल्व्हर्टन यांनी केलेल्या कामाचा अहवाल 1989चा आहे. त्यात फिलोडेंड्रॉनच्या काही जाती होत्या, हे खरं. पण ते प्रयोग बंदिस्त पेट्यांत, फॉर्मल्डिहाइडसारख्या ठरावीक रसायनांवर झाले होते. घरात दारं-खिडक्यांच्या फटींतून हवा सतत बदलत असते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. इमारतीत एरवी खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यांना आढळलं. रात्रीचं म्हणाल तर इतर बहुतेक झाडांसारखंच फिलोडेंड्रॉनही अंधारात ऑक्सिजन घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. ते प्रमाण इतकं थोडं असतं की त्याने अपायही होत नाही. झाड बेडरूममध्ये खुशाल ठेवा. शुद्ध हवेसाठी खिडकी उघडा.

चोथा आणि दूध. आपल्याकडचा चोथा दूध-साखरेत उकळलेला असतो. तो ओल्या कुंडीत पडला की बुरशी धरते आणि चिलटं घोंगावतात. पानांवरचं दूध वाळून धूळ आणि मुंग्या ओढतं. ओल्या फडक्याने पुसा, आणि पुसताना पानाची मागची बाजू व देठांची बेचकी बघा. पिठ्या ढेकूण ही कापसासारखी दिसणारी कीड तिथेच दडते.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या मजकुरात एक गोष्ट सांगितलेलीच नाही आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फिलोडेंड्रॉन अळूच्याच कुळातलं आहे. कच्चं अळू ज्यामुळे खाजतं तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्याही पानांत आणि देठांत असतात. चावलं तर तोंडाची आग होते, ओठ आणि जीभ सुजते. रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रं घरात असेल तर कुंडी उंचावर टांगा, आणि खाली लोंबणारे वेल त्यांच्या तोंडापर्यंत पोहोचण्याआधी छाटत राहा. छाटताना चीक हाताला लागला तर साबणाने धुवा, तोवर डोळ्यांना हात लावू नका.