हौद एकच असेल तर भांडणारच की!

'मुक्त गोठ्यात गाई एकमेकींना मारतात, त्यापेक्षा दावण बरी' हे गोठ्यांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. (मुक्त गोठा म्हणजे गाई न बांधता मोकळ्या ठेवणं, दावण म्हणजे दाव्यानं जागेवर बांधणं.) आम्ही (ता. वाळवा) 3 वर्षांपूर्वी 6 एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) गाई दाव्यावरून सोडल्या. पहिले 8-10 दिवस ढुशा चालल्या, कबूल. वरचढ कोण हे त्यांचं त्यांनीच ठरवलं आणि गोठा शांत झाला. बाजारातून नवी गाय आणली की पुन्हा दोन-चार दिवस तेच.

खरी चूक आमची होती. पाण्याचा हौद एकच, तोही कोपऱ्यात. एक शिंगाळी तिथंच ठाण मांडून रवंथ करायची आणि पहिलारू (पहिल्यांदाच व्यालेल्या) गाई तहानलेल्या राहायच्या. दूध घटलं ते त्यामुळं. समोरच्या बाजूला दुसरा हौद बांधला, प्रश्न मिटला. आणि गाय दिवसातले 10-12 तास बसून काढते, हे लेखात कुठंच नाही! दाव्याला, सिमेंटच्या कोब्यावर बसायला ती कचरते, गुडघे सोलतात. आता मुरमाड मातीवर निवांत पसरतात. माज (गाय गाभण राहायला तयार असल्याची लक्षणं) ओळखणं सोपं झालं ते वेगळंच. पूर्वी रात्रीचा हमखास हुकायचा.