विश्वासांगीकार पाठ नसलेल्या आजींविषयी

बंधू, सलाम.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गेल्या लेखात मी आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका आजींबद्दल लिहिले होते. अक्षरओळख नाही, उभा जन्म ऊसतोडीत गेलेला. बाप्तिस्म्याच्या वेळी विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारे मंडळीचे ठरलेले शब्द, म्हणता येईना, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या पापासाठी त्यानं जीव दिला. आता मी त्याची." त्यांच्या तारणाला एवढा विश्वास पुरे, असे मी लिहिले. तुम्ही म्हणता, हा अज्ञानाचा गौरव झाला. येशूशेजारी वधस्तंभावर मरता मरता विश्वास ठेवणाऱ्या चोराला वेळच नव्हता, म्हणून तो अपवाद. आणि त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे न समजता मानलेला येशू म्हणजे देव्हाऱ्यात आणखी एक देव.

चोराला बाजूला ठेवू. प्रेषितांच्या कृत्यांमधला फिलिप्पैच्या बंदिशाळेचा नायक घ्या. त्याच्यापुढे आयुष्य पडले होते. मध्यरात्री भूकंप झाला आणि माझे तारण कसे होईल, असे त्याने थरथरत विचारले. त्याच्या कैदेतल्या पौल व सीला या प्रचारकांनी प्रभू येशूवर विश्वास ठेव म्हणून सांगितले, त्याला आणि घरच्यांना वचन ऐकवले, आणि त्याच रात्री सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. रोमी वसाहतीतल्या त्या माणसाला तेवढ्यात किती शिकवून झाले असेल? पौलाने त्याला सकाळपर्यंतही थांबवले नाही.

तुमचा शेवटचा मुद्दा मात्र मनाला लागला, कारण धोका खरा आहे. नुसत्या भोळेपणाने तारण होत नाही. ऐकलेच नाही तर विश्वास कसा ठेवतील, हे पौलच रोमकरांस लिहिलेल्या पत्रात विचारतो. लेखात मी हे लिहायला हवे होते, ते राहून गेले.

पण मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली रक्तस्रावी स्त्री आठवा. बारा वर्षे आजारी, होते नव्हते ते वैद्यांवर खर्चून बसलेली. तिने येशूविषयी ऐकले होते, इतकेच. नुसत्या वस्त्राला हात लागला तरी बरी होईन, ही तिची समजूत. आपण प्रश्नोत्तरी विचारली असती तर ती नापास झाली असती. प्रभूने तिची समजूत नीट होईपर्यंत सामर्थ्य अडवून धरले नाही. आणि तिला वस्त्रापाशी सोडूनही दिले नाही. ज्याच्या घरी तो निघाला होता त्या जायराची मुलगी मरायला टेकलेली असताना तो गर्दीत थांबला, या स्त्रीला समोर यायला लावले, तिच्या तोंडून सगळे ऐकून घेतले, मग तिला "मुली" म्हणाला. आधी धरणे, मग ओळख वाढणे, हा क्रम मी बनवलेला नाही.

आजींचे "आता मी त्याची" हे शब्द पुन्हा वाचा. देव्हाऱ्यात भर घालणारा माणूस देवाला आपला करून घेतो. इथे आजींनी स्वतःला देऊन टाकले आहे.

ज्ञानाने काय होते आणि काय होत नाही, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'सरस्वती' म्हटले. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तोही अभ्यास करून, प्रश्न विचारून. तरी पुढे त्यांनीच लिहून ठेवले की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो सापडल्यावर त्यांनी विद्या टाकली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावला बसून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र आणले. ते १९२४ मध्ये, त्या गेल्यावर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. अज्ञानाचा गौरव मला करायचा असता तर रमाबाईंचे नाव घ्यायची हिंमतच झाली नसती.

आजींनाही आम्ही तसेच सोडलेले नाही. दर बुधवारी त्यांच्या ओट्यावर मार्क वाचतो. परवा त्यांनी मध्येच थांबवून विचारले, "देव त्याचा बाप, मग तो बी देव कसा?" तासभर बोलत बसलो. अजून पुरे झालेले नाही. पुढच्या बुधवारी तिथूनच सुरू करणार आहोत.