पाच वायरी मोजून वाइडबँड सेन्सर लागत नाही

वाइडबँड सेन्सर म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा आणि इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर. गाडी ट्यून करायला निघालेल्याच्या मोबाइलवर त्याच्याबद्दल हा सल्ला कधी ना कधी येऊन पडतोच. पाच वायरींचा कुठलाही वाइडबँड सेन्सर घ्या, जुना ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच भोकात बसवा, कपलर जुळत नसेल तर कापून वायरी पिळा, हीटरला 12 व्होल्ट द्या, सिग्नल ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) आणि अर्थ बॉडीला मारा, अधूनमधून मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करा. मीटरवर 14.7 (एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा) आलं की काम फत्ते.

यातली एक गोष्ट पूर्ण खरी आहे: सेन्सर त्या भोकात बसतो. बहुतेक गाड्यांतल्या साध्या नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सरचे आणि बॉशच्या वाइडबँडचे आटे सारखेच, एम18×1.5. आटे जुळले की बाकीचंही जुळेल असं वाटतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

‘कुठलाही पाच वायरींचा चालतो.’ नाही चालत. बाजारात सर्रास मिळणारे दोन म्हणजे बॉशचे एलएसयू 4.2 आणि एलएसयू 4.9. सेन्सर नीट तापलाय की नाही हे कंट्रोलर (सेन्सर चालवणारी वेगळी डबी) आतल्या नर्न्स्ट सेलच्या, म्हणजे ऑक्सिजन ओळखणाऱ्या भागाच्या, रेझिस्टन्सवरून ओळखतो. 4.2 मध्ये तो 80 ओहम असला की तापमान सुमारे 750 अंश सेल्सिअस, 4.9 मध्ये 300 ओहम असला की सुमारे 780 अंश. सेल तापत जाते तसा हा रेझिस्टन्स उतरतो. आता 4.2 साठी बनलेल्या कंट्रोलरला कुणी अॅडॉप्टर करून 4.9 जोडला, तर कंट्रोलर 80 ओहम गाठायच्या नादात हीटर रेटत राहतो आणि सेन्सर भाजून निघतो. उलट केलं तर 4.2 पुरेसा तापतच नाही. तरीही मीटरवर आकडा येत राहतो, तो फक्त खोटा असतो. दोघांचे कपलरही वेगळे असतात. म्हणून आधी कंट्रोलर ठरवा आणि त्याच्या पत्रकात लिहिलेलाच सेन्सर घ्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याने 4.9 वालाच कंट्रोलर घ्यावा, 4.2 घ्यायला आता काही कारण उरलेलं नाही.

‘हीटरला 12 व्होल्ट, सिग्नल ईसीयूला.’ हा सल्ला नॅरोबँडचा आहे. तिथे चार वायरी असतात: दोन हीटरच्या, एक सिग्नलची, एक सिग्नलच्या अर्थची. सिग्नल साधारण 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये हेलकावतो आणि ईसीयू 0.45 च्या वर रिच (इंधन जास्त), खाली लीन (इंधन कमी) समजतो. वाइडबँडमध्ये असा तयार सिग्नल कुठल्याच वायरीवर नसतो. आत दोन सेल असतात. नर्न्स्ट सेलवर 450 मिलिव्होल्ट कायम राहावेत म्हणून कंट्रोलर दुसऱ्या सेलमधून ऑक्सिजन आत-बाहेर पंप करतो, आणि त्यासाठी लागणारा करंट हेच खरं माप. लॅम्डा म्हणजे आत आलेली हवा भागिले इंधन पूर्ण जळायला लागणारी हवा. लॅम्डा 1 ला हा करंट शून्य, रिचला उणे, लीनला अधिक. 4.9 साठी लॅम्डा 0.8 ला साधारण उणे 0.9 मिलिअँपिअर आणि मोकळ्या हवेत अडीच मिलिअँपिअरच्या आसपास. एवढासा करंट मोजून त्याचे 0 ते 5 व्होल्ट करून देणं हे कंट्रोलरचं काम. कंट्रोलर नाही तर वाइडबँडही नाही.

हीटरला थेट बॅटरी दिली तर सिरॅमिक तडकण्याची भीती असते. थंड इंजिन सुरू झाल्यावर एक्झॉस्टमध्ये पाणी साचलेलं असतं, आणि लालबुंद सिरॅमिकवर त्याचा एक थेंब पुरतो. म्हणून कंट्रोलर आधी जेमतेम 2 व्होल्टइतकी ऊब देतो, मग साडेआठ व्होल्टपासून दर सेकंदाला 0.4 ने चढवतो, आणि तेही सलग नाही, पल्समध्ये. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. सेन्सर पाइपात बसवलाय, कंट्रोलरला वीज नाही आणि गाडी मात्र रोज चालतेय, असं ठेवू नका. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि काही दिवसांत तो निकामी होतो. वायरिंग राहिलं असेल तर सेन्सर काढून भोकाला बूच लावा.

‘कपलर कापा.’ 4.9 चा कपलर सहा पिनांचा आणि सेन्सरकडून येणाऱ्या वायरी पाच, हे पाहून सहावी पिन फालतू आहे असं वाटतं. पण त्या कपलरच्या आत एक रेझिस्टर बसवलेला असतो. प्रत्येक सेन्सर थोडा वेगळा बनतो, म्हणून कारखान्यात तो मोजून हा रेझिस्टर 30 ते 300 ओहममध्ये त्या एकाच नगासाठी छाटतात. हार्नेसच्या (कंट्रोलरकडच्या वायरींच्या) बाजूला पिन 5 वर येणारी हिरवी वायर याचीच. कपलर कापलात की त्या सेन्सरची कारखान्यातली मोजणी कचऱ्यात गेली. वायर लांबवायची असेल तर हार्नेसच्या बाजूने लांबवा. सेन्सरच्या बाजूचे रंग असे: लाल पंप करंट, पिवळी दोन्ही सेलची सामाईक, काळी नर्न्स्ट, करडी हीटरची अधिक, पांढरी हीटरची उणे. पिवळी वायर बॉडीला लावू नका, ती अर्थ नव्हे. कपलरमध्ये ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट स्प्रेही नको.

‘जुना काढून त्याच जागी लावा.’ ईसीयू कंपनीचाच असेल तर मूळ सेन्सर तिथेच राहू द्या. काढलात तर ईसीयूला हीटरचं सर्किट सापडत नाही, पी0135 कोड येतो आणि इंजिनाचा दिवा पेटतो. वाइडबँडसाठी पाइपवर वेगळा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करा. टर्बोची गाडी असेल तर टर्बोच्या नंतर, सुमारे अर्धा मीटर अंतर सोडून. टर्बोच्या आधी एक्झॉस्टचा दाब जास्त असतो आणि दाबाने पंप करंट वाढतो, त्यामुळे रिच असेल तर जास्त रिच दिसतं, लीन असेल तर जास्त लीन. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधी. सेन्सर आडव्या रेषेपासून किमान 10 अंश वर, वायरीचं टोक वरच्या अंगाला, म्हणजे पाणी आत थांबत नाही. आवळणं 40 ते 60 न्यूटन मीटर. बंगच्या आधी कुठे गॅस्केट किंवा वेल्ड गळत असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि गाडी उगाच लीन दिसते.

‘अर्थ कुठेही मारा.’ सर्वांत जास्त ट्यून या एका वाक्याने बिघडतात, आणि बिघडलेत हे कळतही नाही. हीटर एक-दोन अँपिअर ओढतो, सुरुवातीला त्याहूनही जास्त. तो करंट आणि ईसीयूला जाणाऱ्या व्होल्टचा अर्थ एकाच बारीक वायरीतून आणि गंजक्या बोल्टातून जात असेल, तर हिशेब सरळ आहे: 2 अँपिअर गुणिले 0.05 ओहम म्हणजे 0.1 व्होल्ट. एईएम कंपनीच्या एक्स सिरीज कंट्रोलरमध्ये एएफआर (हवा-इंधन गुणोत्तर) म्हणजे व्होल्ट गुणिले 2.375 अधिक 7.3125, म्हणजे 0.1 व्होल्टला 0.24 ची चूक. इनोव्हेट कंपनीच्या कंट्रोलरच्या मूळ मापनात 0 व्होल्टला 7.35 आणि 5 व्होल्टला 22.39, तिथे तेवढ्याच व्होल्टला 0.3 ची चूक. ही चूक नेहमी वरच्या बाजूला जाते. कंट्रोलरचा अर्थ ईसीयूच्या अर्थपेक्षा वर उचललेला असतो, म्हणून लॉगमध्ये गाडी आहे त्यापेक्षा लीन दिसते, आणि ट्यून करणारा इमानेइतबारे पेट्रोल ओतत बसतो.

कंट्रोलरला अॅनालॉगची वेगळी उणे वायर असेल (एईएम एक्स सिरीजमध्ये पांढरी अधिक, तपकिरी उणे) तर ती ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला द्या आणि वीजपुरवठ्याचा अर्थ जाड वायरीने इंजिन ब्लॉकला. वेगळी उणे वायर नसेल तर कंट्रोलरचा अर्थ ईसीयूचा अर्थ जिथे बोल्ट केलाय त्याच ठिकाणी न्या. अधिक वायर इग्निशनवर चालणाऱ्या रिलेतून घ्या आणि फ्यूज पत्रकात सांगितला असेल तोच टाका, सहसा 5 ते 10 अँपिअर. कॉइल किंवा पंपाच्या वायरीतून वीज चोरू नका. मग इंजिन चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक कंट्रोलरच्या अर्थवर आणि दुसरं ईसीयूच्या अर्थवर ठेवा. 10–20 मिलिव्होल्टच्या वर काही दिसलं तर वायरिंग पुन्हा करा. ईसीयूत आकडे फिरवून ही चूक झाकू नका, कारण हीटरचा करंट बदलेल तशी तीही बदलते. ईसीयू आणि कंट्रोलर दोघांना कॅन बस (आकडे डिजिटल पाठवणारी जोडणी) असेल तर हा सगळा वाद आपोआप मिटतो. आकडा व्होल्टमधून जातच नाही.

‘मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करा.’ कंट्रोलर सांगेल तसं. इनोव्हेटच्या जुन्या एलसी-1 ला 4.2 सोबत हे करावंच लागायचं; एईएमची एक्स सिरीज 4.9 च्या कपलरातला रेझिस्टर वापरते आणि तिला ते लागत नाही. करायचंच असेल तर सेन्सर पाइपातून काढून, पेट्रोलच्या वाफेपासून लांब करा. पाइपात ठेवून केलेल्या कॅलिब्रेशनपेक्षा न केलेलं बरं.

राहता राहिलं ‘14.7 आलं की झालं’. सेन्सरला इंधनाचं नाव कळत नाही, त्याला फक्त लॅम्डा कळतो. मीटर तो लॅम्डा 14.7 ने गुणून दाखवतो. निव्वळ पेट्रोलला 14.7 बरोबर. आपल्या पंपांवर आता मिळणाऱ्या ई20 चं (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) खरं गुणोत्तर साधारण 13.5, सीएनजीचं 17.2, पण लॅम्डा 1 ला मीटर तिन्हींवर 14.7 च दाखवणार. इथे दोन चुका होतात. ई20 आहे म्हणून कुणी क्रूझचं (एका वेगाने निवांत चालवतानाचं) टार्गेट 13.5 लिहितो, मीटरच्या भाषेत ते लॅम्डा 0.92 झालं, पेट्रोल विनाकारण जळतं. किंवा फुल थ्रॉटलला लॅम्डा 0.85 हवा, ई20 वर ते 11.5 होतं म्हणून टार्गेट 11.5 टाकतो, मीटरवरचा 11.5 म्हणजे लॅम्डा 0.78. टार्गेट टेबल आणि मीटर दोन्ही लॅम्डावर करून टाका. ई10 वर बसवलेल्या मॅपला ई20 वर सुमारे 4 टक्के जादा इंधन द्यावं लागेल, ते फ्युएल टेबलमध्ये द्या, टार्गेटमध्ये नको.

आणि मिसफायर होत असेल तर मीटर लीन दाखवतो, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. अशा वेळी पेट्रोल वाढवण्याआधी प्लग काढून बघा.