‘सत्ता भ्रष्ट करते’ हे बायबलचे वचन नाही

यशस्वी उद्योजकांच्या अधःपतनाविषयी लिहिताना ‘सत्ता भ्रष्ट करते, असे बायबल सांगते’ हा दाखला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. हे वाक्य लॉर्ड ॲक्टन या कॅथलिक इतिहासकाराने १८८७ मध्ये मँडेल क्राइटन या इतिहासकार धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रातले असून, सत्तेचा कल भ्रष्ट करण्याकडे असतो आणि निरंकुश सत्ता पूर्णपणे भ्रष्ट करते, असे तिथे म्हटले आहे. तो ‘कल’च नेमका गाळला जातो. बायबल सत्तेला सरसकट दोष देत नाही. बायबलमधल्या ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातला उज्जीया राजा मोठा कर्तबगार होता : त्याने बुरूज उभारले, पाण्यासाठी टाकी खोदली, शेतीभाती वाढवली. मात्र सामर्थ्य आल्यावर तो गर्वाने फुगला, याजकांचे (मंदिरातल्या पुरोहितांचे) धूप जाळण्याचे काम स्वतः करायला मंदिरात शिरला, आणि ८० याजकांनी अडवले तेव्हा हातात धुपाटणे धरून त्यांच्यावरच संतापला. तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठले. ‘नाही’ म्हणणाऱ्याचा असा राग कोणत्याही संचालक मंडळाला अपरिचित नसावा. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १७ वा अध्याय म्हणूनच राजाला नियमशास्त्राची, म्हणजे देवाने दिलेल्या आज्ञांची, प्रत जवळ ठेवून ती आयुष्यभर वाचण्यास बजावतो.