दीड किलो म्हणजे होकार नव्हे

बॉल पायथन हा परदेशी, बिनविषारी अजगर पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: "मादी 1500 ग्रॅमची झाली की तयार. नर सोडा, तिने जवळ येऊ दिलं तर शरीर हो म्हणतंय. तयार नसेल तर अंडी येणारच नाहीत, मग भीती कसली? आणि एकदा सुरू झाली की दरवर्षी घ्या."

आधी वजन. 1500 ग्रॅमच्या आत नर सोडू नये, एवढ्यापुरता हा आकडा ठीक आहे. पण उंबरठ्याची परवानगी कधी झाली ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. काटा परवा गिळलेला उंदीरही मोजतो. चार-चार दिवसांनी खाऊ घालून दीड वर्षात फुगवलेली मादी आणि निवांत वाढलेली चार वर्षांची मादी, दोघींचा आकडा एकच येऊ शकतो. हातात घेतल्यावर मात्र फरक कळतो. पहिली नळीसारखी गोल असते, वळताना खवल्यांच्या मधून कातडी दिसते, शेपटीच्या अलीकडे चरबीच्या गाद्या लागतात. दुसरीचा कणा बोटांना हलकासा जाणवतो, कुशी भरलेल्या आणि अंग घट्ट असतं. चरबी काही महिन्यांत चढते, हाडं-स्नायू वर्षं घेतात. म्हणून मी काट्याआधी जन्मतारीख विचारतो आणि तिसरं वर्ष पुरं होईपर्यंत नर शेजारच्या खोलीतच ठेवतो.

नराला जवळ येऊ देणं हा पुरावाच नाही. अंडाशयात काहीही हालचाल नसताना मादी मीलन करू शकते आणि नराचं बीज अनेक महिने शरीरात साठवून ठेवू शकते. नराला तर काय, त्याला घाईच असते.

"तयार नसेल तर अंडी येणारच नाहीत" हे वाक्य सगळ्यात धोकादायक, कारण ते निम्मं खरं आहे. बरेच साप साठवलेल्या चरबीवर अंडी किंवा पिल्लं वाढवतात. फ्रान्समधल्या अ‍ॅस्प वायपर या विषारी सापावरच्या अभ्यासात दिसलं की पुरेसा साठा होईपर्यंत मादी ते वर्ष सोडून देते. रानात हा राखणदार काम करतो, कारण तिथे साठा व्हायलाच वेळ लागतो. आपण ताटात उंदीर वाढून त्या राखणदाराला फसवतो. साठा पुरेसा दिसतो, अंडाशय कामाला लागतं, आणि अंग मात्र अजून कोवळंच असतं. मग कधी पिवळट, निर्बीज अंडी येतात (ब्रीडर त्यांना स्लग म्हणतात), तर कधी अंडं आत अडतं. अडलेल्या अंड्यावर गायी-म्हशींसारखं इंजेक्शन द्यावं, असं कुणी सुचवेल; सापांमध्ये ऑक्सिटोसिनचा भरवसा नसतो, अनेकदा गोष्ट शस्त्रक्रियेवर जाते.

मग लोक खुणा विचारतात. मादी थंड बाजूला जाऊन बसते, पाण्याच्या भांड्याला विळखा घालते, रंग उजळतो, आधी अधाशासारखी खाते आणि मग तोंड फिरवते. सोनोग्राफीत बलकाच्या गोळ्यांचा आकार मिलिमीटरमध्ये मोजता येतो. हे गोळे अंडाशयातून सुटताना पोटाचा मधला भाग मोठी शिकार गिळल्यासारखा फुगतो, तोही जेमतेम दिवसभर. साधारण दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते आणि त्यानंतर महिनाभरात अंडी घालते. सगळं खरं, पण या खुणा तयारीच्या नाहीत, सुरू झालेल्या कामाच्या आहेत. त्या दिसेपर्यंत आपला निर्णय मागे पडलेला असतो.

दरवर्षीचं म्हणाल, तर अंडी घातल्यावर मादी एकदा पाहा. पाठ धारदार, कातडी सैल. त्याआधी कित्येक आठवडे तिने खाल्लेलं नसतं, आणि अंडी तिच्यापाशीच ठेवली तर पुढचे दोन महिनेही ती त्यांना विळखा घालून जवळपास उपाशीच राहते. पुढच्या हंगामापर्यंत भरली नाही, तर ते वर्ष तिचं.

घाई कशाची आहे, तेही कळत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात 2020 साली एका बॉल पायथनने सात अंडी घातली. तिचं वय अंदाजे 62 होतं, आणि पंधराहून अधिक वर्षांत तिच्याजवळ नर फिरकलेला नव्हता.

भारतातल्यांसाठी एक वेगळी गोष्ट: धामण, नाग, अजगर असे इथले साप घरात पाळणंच बेकायदा आहे, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. बॉल पायथन परदेशी, पण त्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते आणि पिल्लं झाली तर तेही कळवावं लागतं.