गिरणी फक्त नागपुरातच नव्हती

नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीवरचा लेख मनापासून आवडला. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ती सुरू केली आणि कापूस पिकतो तिथेच सूत निघावं हा विचार खरा करून दाखवला, हे लेखात छान आलंय. पण विदर्भाचा गिरणी-इतिहास नागपुरात संपत नाही. आमच्या हिंगणघाटात बन्सीलाल अबीरचंद मिल १८८१ ची, म्हणजे फक्त चारच वर्षांनी. पुलगाव, बडनेरा, अचलपूर इथेही गिरण्या उभ्या राहिल्या.

हिंगणघाटच का? इथला कापूस आधीपासूनच नावाजलेला होता, आणि वर्धा-वरोरा रेल्वे गावातूनच गेली. गिरणी चालवायला लागणारा वरोऱ्याच्या खाणीचा कोळसाही त्याच मार्गावर. शेतकरी बंडीत, म्हणजे बैलगाडीत, कापूस भरून आणायचा, जिनिंगमध्ये सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जायच्या. गिरणीने त्याच्यापुढचं सूतकताईचं काम गावात आणलं, आणि त्यासोबत बारा महिन्यांची मजुरीही. कोरडवाहू शेतीच्या भागात या गोष्टीचं मोल फार मोठं होतं. घरातला एक जण मिलमध्ये आणि बाकीचे पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, अशी कितीतरी घरं आमच्याकडे होती. दुष्काळी वर्षात चूल पेटायची ती मिलच्या पगारावर.

एम्प्रेस २००२ मध्ये बंद पडली. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. सूतखात्यात, साच्यावर (मागावर) काम केलेली माणसं अजून गावोगावी आहेत. लेखकाने पुढचा भाग लिहावा आणि त्यासाठी त्यांच्याशी बोलावं, ही कळकळीची विनंती.